वरची खोली नको, मधलं घर घ्या

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पारोळ्याजवळच्या गावात तुमचं घर. खाली ओसरी, मधलं घर म्हणजे माजघर, स्वयंपाकघर आणि मागे अंगण, वर पत्र्याची एक मोठी मोकळी खोली. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सात, धाकटी साडेतीन. येत्या जूनपासून मुलांना घरीच शिकवायचं ठरलंय. वरच्या खोलीत बाक, फळा, टेबलं, कपाटं टाकून वर्ग तयार करायचा, त्यासाठी 40,000 रुपये बाजूला काढलेत, आणि सासूबाई म्हणतात एवढा खर्च कशाला. काय घ्यावं, कसं मांडावं, असं तुम्ही विचारलंय.

मी माझ्या दोन मुलांना घरी शिकवलं. गेली चौदा वर्षं जळगाव-धुळे भागात अशी घरं बघते, जागा लावून देते. त्या अनुभवावरून आधी एक विनंती करते: सुताराला महिनाभर थांबवा. आणि वरची खोली नकोच.

ही चूक मी स्वतः केली आहे. पहिल्या वर्षी मीही वरच मांडामांड केली होती, कारण ती खोली रिकामी होती आणि खालचा पसारा मला नको होता. मार्च संपता संपता मुलगा दुपारी "डोकं दुखतं" म्हणायला लागला. गणिताला कंटाळून सांगतोय, असं मी धरून चालले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एक साधा थर्मामीटर आणून वरच्या भिंतीवर टांगला. दुपारी तीन वाजता 42. तोच खाली मधल्या घरात आणून अर्ध्या तासाने बघितला, 34. त्या दिवशी मी मुलाची माफी मागितली आणि दिवेलागणीच्या आत सगळी पुस्तकं खाली आणली.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पत्रा तापला की तो खाली बसलेल्याच्या डोक्यावर सरळ आग ओततो. पंखा लावला तर तो वरचीच गरम हवा खाली ढकलतो. उलट जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरातल्या हातभर जाडीच्या मातीच्या भिंती दुपारपर्यंत तापतच नाहीत. तुमचं मधलं घर त्यातलं असेल तर तुमच्याकडे आधीच सोनं आहे. स्लॅबचं असेल तर होळीनंतर गच्चीवर चुन्याचे दोन हात मारा. पांढऱ्या रंगावरून ऊन परततं आणि खालच्या खोलीत फरक हाताला जाणवतो. पावसाने चुना धुऊन जातो, म्हणून हे काम दर वर्षी करायचं. त्यात मुलांना घ्या, किती चुन्याला किती पाणी हे त्यांना मोजू द्या.

आता माझं मुख्य म्हणणं. शिकण्याच्या वस्तूंची जागा एकच ठेवा, बसायची जागा मात्र फिरती ठेवा. शाळेला इमारत लागते कारण तिथे चाळीस मुलं असतात. तुमच्याकडे तीन आहेत, आणि खान्देशातल्या घरात ऋतूप्रमाणे माणसं एरवीही बसायची जागा बदलतातच. उन्हाळ्यात सकाळी सहा ते नऊ दारापुढच्या ओट्यावर वाचन-लेखन उरकायचं, दुपारी मधल्या घरात हाताची कामं, गोष्टी, झोप, आणि रात्री गच्चीवर गार वारं सुटलं की चांदण्या, पाढे, गप्पा. पावसाळ्यात ओसरी. थंडीत पारा दहाच्या खाली येतो तेव्हा सकाळचं ऊन अंगणात ज्या भिंतीवर पडतं तिथे पाठ टेकून बसायचं. एकाच खोलीत बारा महिने बसवलं तर चार महिने मुलं शिकत नाहीत, नुसती सोसतात.

मग वस्तूंची जागा कुठे? मधल्या घरात, आतल्या भिंतीला लागून. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. कपाट विकत घेऊ नका. कपाटाला दार असतं, आणि दारामागची वस्तू लहान मुलाच्या लेखी नसतेच. तुमच्या माळ्यावर सासूबाईंची जुनी भांड्यांची मांडणी नक्की पडून असेल. ती उतरवा, घासा, भिंतीला स्क्रूने पक्की करा, कारण साडेतीन वर्षांची मुलगी त्यावर चढणार आहे. सगळ्यात खालचा कप्पा तिचा, त्यावरचा मुलाचा, त्यावरचा मुलीचा. कात्री, सुई, कंपास हे सगळ्यात वर. प्रत्येक कामाचं सामान एका छोट्या ताटात मांडायचं: एका ताटात चिंचोके आणि दोन वाट्या, दुसऱ्यात कागद आणि खळ, तिसऱ्यात भिंग आणि कापसाचं बोंड. मूल ताट उचलतं, चटईवर नेतं, काम झालं की तिथेच परत ठेवतं. धाकटीला हे पंधरा दिवसांत जमतं, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय. एका वेळी प्रत्येकाची पाच-सहाच ताटं बाहेर ठेवा, बाकी पेटीत. दर पंधरवड्याला अदलाबदल केली की जुनं सामान नव्यासारखं हातात घेतलं जातं.

याशिवाय प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी हवी, कुलूप-किल्लीची. तीन भावंडांच्या घरात 'माझं' म्हणता येईल अशी जागा नसली की भांडणं होतात आणि अभ्यासाचा वेळ त्यात जातो. त्या पेटीत आपण डोकवायचं नाही. उंदीर आणि वाळवी यांच्यापासून पुस्तकं वाचवायलाही पत्र्याची पेटी लाकडी फडताळापेक्षा बरी. तळाला कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला आणि पावसाळा संपला की एकदा सगळी पुस्तकं उन्हात काढा.

बसण्याविषयी थोडं जास्त लिहिते, कारण इथेच पैसे सगळ्यात चुकीचे जातात. दुकानातलं टेबल-खुर्ची बहुतेक मोठ्या माणसाच्या मापाचं असतं. मुलाचे पाय लोंबकळतात, खांदे कानापर्यंत वर येतात, आणि आपण म्हणतो हा नीट बसत नाही. आपली मुलं जमिनीवर मांडी घालून छान बसतात, त्यांना फक्त पुढ्यात बैठं मेज हवं. सुताराकडे जाण्याआधी हे करा: फळी घ्या, दोन्ही टोकांना विटांची थप्पी लावा, वर फळी ठेवा. मूल मांडी घालून बसलं, हात कोपरात दुमडला, की फळी कोपराच्या उंचीला किंवा बोटभर वर यायला हवी आणि मांड्या खाली अडायला नकोत. कमी-जास्त वाटलं तर विटेखाली फरशीचा तुकडा सरकवा. आठवडाभर त्यावर लिहू द्या. मग तेच माप सुताराला द्या. मुलगी आणि मुलगा यांची मापं वेगळी येतील, म्हणून लांब एक मेज न करता दोन छोटी करा. एकमेकांकडे तोंड करून बसायचं की पाठ करून, हे रोज त्यांचं त्यांना ठरवता येतं. वर्षभराने पायांखाली लाकडी ठोकळे लावून उंची वाढवता येते.

मात्र सगळं काम मेजावर व्हायला हवं असा हट्ट नको. माझा धाकटा नऊ वर्षांचा होईपर्यंत कोट्याच्या फरशीवर पालथा पडून वाचायचा, कोपरं टेकलेली, पाय हवेत. लिहायचा मात्र मेजावर. वाचताना अंग कसंही असू द्या, लिहिताना पाठ आणि मनगट सांभाळा.

मधल्या घराची एकच खरी अडचण असते, ती म्हणजे उजेड. जुन्या घरांत खिडक्या लहान आणि उंचावर. उत्तरेची खिडकी असेल तर मेज तिच्या बाजूला लावा, तिथला उजेड दिवसभर सारखा राहतो. पश्चिमेची भिंत टाळा, ती संध्याकाळी तव्यासारखी तापते. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या डावीकडून उजेड यायला हवा, डावखुऱ्याच्या उजवीकडून. खात्री करायची सोपी रीत आहे: मुलाला लिहायला बसवा आणि पेन्सिलच्या टोकाकडे बघा. हाताची सावली अक्षरावर पडत असेल तर मेज फिरवा. दिवसाही दिवा लागणार असेल तर छताच्या मधोमध असलेल्या एका दिव्यावर भागवू नका. मेजाच्या वर, बाजूने, एक 9 वॉटचा पांढरा एलईडी लावा. वीज जाते तेव्हासाठी चार्जिंगचा दिवा मांडणीवर ठरलेल्या जागी असू द्या. भिंतींना पांढरा किंवा फिकट रंग दिला तर आहे तोच उजेड दुप्पट वाटतो.

कुलर लावणार असाल तर दोन गोष्टी. समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा, नाहीतर ओलावा कोंडतो आणि गारवा येत नाही. दुसरी गोष्ट जिवाची आहे. पत्र्याच्या कुलरला अर्थिंग नीट आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या, आणि घराच्या बोर्डात 30 मिलीॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच, बसवून घ्या. 40,000 मधला पहिला खर्च हा करा. पाणी भरताना स्विच बंद करून प्लग काढायचा, आणि ते काम मोठ्यांनीच करायचं. मुलं दिवसभर घरात असणार, ओल्या हातांनी, अनवाणी. मधल्या घरातले खालचे प्लगही झाकून घ्या.

फळ्यासाठी तयार पांढरा बोर्ड घेऊ नका. मार्कर संपतात, मुलं टोपणं हरवतात. भिंतीचा चार फूट रुंद, तीन फूट उंच तुकडा घासून गुळगुळीत करा आणि काळ्या फळ्याच्या रंगाचे दोन हात द्या. खालची कड जमिनीपासून दीड फुटावर ठेवा. म्हणजे धाकटी खाली रेघोट्या मारते आणि मोठी वरच्या ओळीपर्यंत पोचते. रंग पुरता वाळला की खडू आडवा धरून सगळा फळा एकदा पांढरा करा, मग कोरड्या फडक्याने पुसा. असं केलं नाही तर पहिलं अक्षर कायमचं उमटून राहतं. फळ्यावर मुलांनी जास्त लिहायचं, आपण कमी.

पंख्याखाली कागद उडतात. आम्ही तापीकाठाहून आणलेले गोल गोटे वापरतो. माझ्या मुलांनी एकदा ते काळ्याकडून पांढऱ्याकडे रांगेत लावले आणि विचारलं, हे पांढरे कुठून आले, आपल्याकडे तर सगळा काळाच दगड. तिथून लाव्हारस, बेसाल्ट, त्यातल्या पोकळ्यांमध्ये वाढलेले स्फटिक असं दोन महिने चाललं होतं. म्हणून मांडणीचा एक कप्पा रिकामा ठेवा आणि त्याला 'सापडलेल्या वस्तूंचा कप्पा' म्हणा. पिसं, बिया, गोटे, केळीच्या खोडाचा आडवा काप, जे येईल ते. माझ्या घरातला सगळ्यात उपयोगी कप्पा तोच ठरला.

सासूबाईंविषयी. त्यांना खर्च पटत नाही असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं त्यांना त्यांची जागा कुठे, हे कळत नाहीये. मधल्या घरात त्यांची बाज असेल, दुपारची झोप असेल, टीव्ही असेल. ती खोली तुम्ही मुलांची केली तर त्यांचं घर कमी होतं. त्यांच्याशी आधी बोला. टीव्हीची वेळ त्यांनीच ठरवावी आणि त्या वेळेला मुलांनी ओसरीत जावं. त्यांची बैठक मांडणीच्या शेजारी असू द्या. त्या तुरीच्या शेंगा सोलतात, वाती वळतात, डाळ निवडतात, तिथे सात वर्षांचा मुलगा दहा-दहाचे गठ्ठे करत शेजारी बसला की संख्यांची गाडी रुळावर येते. घरात तुम्ही अहिराणी बोलत असाल तर ती मुलांपासून लपवू नका. भिंतीवर सुतळी बांधून चिमट्यांनी शब्दांच्या चिठ्ठ्या लावा: आंडोर, आंडेर, आठे, तठे, आणि खाली मुलगा, मुलगी, इथे, तिथे. शब्द आजी सांगणार, मुलगी लिहिणार. आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, तरी जात्यावर आणि शेतात त्यांनी रचलेल्या ओव्या आज विद्यापीठात शिकवतात आणि जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तुमच्या घरात जात्याच्या ओव्या येणारी बाई असेल तर तिला भिंतीवर जागा मिळायलाच हवी.

त्याच सुतळीवर आठवड्याचं हस्तलिखित लावा. अमळनेर तुमच्यापासून काही फार लांब नाही. तिथल्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढायचे. तुमचं साप्ताहिक असू द्या, एकच पान. गाय व्यायली, मोटर जळाली, मामा आले, कापसाचा भाव काय निघाला. मुलीच्या अक्षरात, मुलाच्या चित्रांत. जो कोणी घरी येईल तो ते वाचतो, आणि "पोरं शाळेत जात नाहीत का?" या प्रश्नाआधी त्याच्यापुढे ते पान येतं.

येणारे-जाणारे हा आपल्याकडचा मोठा विषय आहे. घर उघडं असतं, शेजारीण येते, चहा होतो, आणि मुलं उठतात. दार लावून घेता येत नाही आणि घेऊही नये. आमच्याकडे एक खूण होती: निळी सतरंजी. ती अंथरलेली असली की काम चालू, गुंडाळून उभी केली की संपलं. मुलं स्वतः अंथरायची. पाहुण्यांनाही महिन्याभरात कळलं. सात वर्षांच्या मुलाला सलग पंचवीस-तीस मिनिटं पुरे, मग सतरंजी सोडून अंगणात.

स्वयंपाकघर आणि अंगण या शिकायच्या जागाच आहेत, पण त्यांनाही थोडी तयारी लागते. ओट्याला लागून एक पक्का पाट ठेवा म्हणजे मुलगा उभा राहून मोजू शकेल. तराजू आणि मापाचं भांडं हाताला येईल असं. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारीत उडीद किती घालायचा, हे प्रमाण सासूबाईंच्या हाताला ठाऊक आहे. मुलीने ते एकदा वजनात मोजून लिहावं. अंगणात सावली मोजायला एक काठी रोवा. याहून जास्त काही नको.

मोबाइलचं एकच सांगते: त्याची जागा ठरवा, आणि ती मुलांच्या मेजावर नको. मधल्या घरात सगळ्यांना पडदा दिसेल अशा ठिकाणी उभा करून बघायचा, आणि काम झालं की चार्जिंगला स्वयंपाकघरात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, दीक्षा ॲपवर त्यांना जोडलेले व्हिडिओ आहेत. पण पडद्यावर पूर्ण पुस्तक वाचायला लावू नका, मुख्य दोन विषयांची छापील पुस्तकं घ्या.

परीक्षांचं थोडक्यात, कारण त्याचाही एक कप्पा लागतो. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे आणि तो 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे. घरी शिकण्याची पद्धत त्यात नावाने लिहिलेली नाही, म्हणून आपण कागद व्यवस्थित ठेवलेले बरे. पुढे महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी, आठवी, दहावी, बारावीच्या परीक्षा आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्याही तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या पातळ्या आहेत आणि दहावीला वयाची 14 वर्षं पुरी लागतात. प्रवेशाच्या वेळी त्या-त्या मंडळाचे चालू नियम वाचून घ्या. घरात प्रत्येक मुलाची एक जाड फाइल करा: जन्मदाखला, आधार, जुन्या शाळेचा दाखला, आणि दर महिन्याचे दोन-तीन निवडक कागद, तारीख घालून. तारखेशिवाय कागद ठेवला तर वर्षाने त्याचा काही उपयोग होत नाही.

भिंतीवर नकाशा लावायचा असेल तर जगाचा नंतर, आधी आपल्या भागाचा. मोठ्या कागदावर मुलांनीच काढायचा: तापी, गिरणा, बोरी, पांझरा, तुमचं गाव, मामाचं गाव. चाळीसगावजवळचं पाटण त्यावर दाखवा. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, असा शिलालेख आहे, शके 1128 चा. आठशे वर्षांपूर्वी आपल्याच भागात गणित शिकण्यासाठी जागा राखून ठेवली होती, हे मुलीला त्या टिंबावर बोट ठेवून सांगा. मग हिवाळ्यात पाटणादेवीला जाऊन या. वाचलेल्या पैशांत असे चार-पाच प्रवास होतील, आणि माझ्या मते पैसे त्यासाठीच वाचवावेत.

आत्ता एप्रिल चालू आहे, म्हणजे हाताशी दोन महिने आहेत. पहिले पंधरा दिवस काहीच हलवू नका, नुसती वही घेऊन टिपा: कोण कुठे, किती वाजता, स्वतःहून जाऊन बसतं. माझ्या बघण्यातल्या एका घरात मुलगी रोज दुपारी कोठीच्या दाराशी उंबऱ्यावर बसायची, कारण तिथे दोन्हीकडून वारा येत होता. शेवटी तिचं मेज तिथेच लागलं. मग विटांवर फळी, मग दिवा, मग फळ्याचा रंग. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी-बाळी माहेरी येतील, झोके बांधले जातील, तेव्हा चार दिवस सगळं बंद ठेवा. सुताराला त्यानंतर बोलवा.

थर्मामीटर मात्र उद्याच आणा. मुलीला वर आणि खाली, सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री नऊ वाजताचे आकडे लिहायला सांगा. चौकटीच्या कागदावर वरच्या खोलीचे लाल ठिपके, मधल्या घराचे निळे. पंधरा दिवसांनी तो कागद सासूबाईंना तिनेच समजावून सांगू दे.